माझे कान आणि स्नेझानाचे प्रश्न

४ सप्टेंबर

आजपासून रोजनिशी. विषय एकच : घरच्या कॉम्प्युटरमधून हेडफोनवर येणारा आवाज सुधारणे. निवृत्त माणसाला काहीतरी ध्येय हवं. आमच्या रुसे शहरातले बाकीचे निवृत्त लोक डॅन्यूबकाठी गळ टाकून बसतात आणि सर्दी घेऊन घरी येतात.

सद्यस्थिती : गाणं सुरू व्हायच्या आधी बारीक सूंऽऽ. माउस हलवला की त्यात किरकिर. सामान्य माणसाला हे ऐकू येत नाही. मला येतं. पाणीपुरवठा खात्यात उभा जन्म रस्त्याला कान लावून जमिनीखालची गळती शोधण्यात गेला. 'दोब्रोमिरचा कान' म्हटलं की खात्यात अजून लोक गप्प होतात.

स्नेझानाला हे सांगितलं. म्हणाली, "रस्त्याखालची गळती ऐकू येते तुला. स्वयंपाकघरातला नळ उन्हाळाभर टपकतोय, तो नाही येत?" नळाचा विषय वेगळा आहे. बायकोला ध्वनिशास्त्र समजावणं अवघड.

काम सप्टेंबरअखेर पूर्ण.

६ सप्टेंबर

सुट्टी. कासेलहून देनित्साचा फोन. मुलगी लग्न करून जर्मनीत गेली, आता नोव्हेंबरअखेर बाळ होणार. आई हवी आहे. नुसती आई नाही, दोघंही या म्हणते, आणि वाटलं तर कायमचेच या. खालच्या मजल्यावर दोन खोल्या रिकाम्या आहेत म्हणे.

स्नेझानाने विचारलं, काय करायचं. मी म्हटलं, आधी आवाजाचं मार्गी लागू दे, मग शांतपणे बोलू. ती मला सोडून एकटी जाणार नाही, हे उघड आहे. माझ्या घोरण्याशिवाय तिला झोप लागत नाही. 'तुझ्या घोरण्यात झोप लागत नाही' असं ती म्हणते, पण बोलण्यात माणूस चुकतो.

दुपारी नवे हेडफोन आणले. किंमत लिहीत नाही. रोजनिशी कुणाच्याही हाती पडू शकते. मागून जाळी असलेले, उघड्या पाठीचे आहेत. दुकानदार म्हणाला, आवाज मोकळा येतो, पण शेजारी बसलेल्यालाही ऐकू जातो. मी म्हटलं, बरंच आहे की, त्याचेही कान तयार होतील.

१० सप्टेंबर

हेडफोनवाल्यांच्या इंटरनेट फोरमवरच्या जाणकारांचं म्हणणं : नवे हेडफोन आधी भरपूर वाजवून मुरवावे लागतात. डोक्याएवढ्या वस्तूवर चढवले तर उत्तम. घरात डोक्याएवढी वस्तू एकच निघाली, कलिंगड. ते माझ्या खुर्चीवर ठेवून हेडफोन चढवले आणि गाणी लावून दिली.

स्नेझाना आत आली. कलिंगडाला विचारलं, "जेवायला घेवड्याचं सूप चालेल का?" थोडी थांबली. मग मला म्हणाली, फारसा फरक जाणवत नाही.

१२ सप्टेंबर

कलिंगड कापलं गेलं. वरच्या मजल्यावरचे पेन्चोदादा आले होते, त्यांना दिलं. गोड निघालं म्हणे. एवढं संगीत ऐकल्यावर निघणारच. पण मुरवणीत खंड पडला त्याचं काय? आता भोपळा लावला आहे. भोपळा कापायच्या आधी मला विचारावं, अशी लेखी सूचना स्वयंपाकघरात चिकटवली.

१७ सप्टेंबर

मुरले. काय आवाज मोकळा झाला आहे. बंद बाल्कनीची खिडकी उघडल्यासारखं वाटतं.

एक गोष्ट लक्षात आली. आवाज खरा असला की अंग आपोआप साथ देतं. सात मात्रांचं नाचाचं गाणं लागलं की माझी मान डावी-उजवी झुलते. लष्करी बँड लागला की वर-खाली. मी थांबवायचा प्रयत्न केला, जमलं नाही. स्नेझाना म्हणाली, टांग्याच्या घोड्यासारखा दिसतोस. घोड्याला उत्तम कान असतात.

मानेवरून आठवलं. जावई होल्गर मागच्या उन्हाळ्यात पहिल्यांदा घरी आला होता. आमच्याकडे मान आडवी झुलवली म्हणजे हो, उभी हलवली म्हणजे नाही, हे त्या पोराला कुणी सांगितलं नव्हतं. स्नेझाना विचारी, आणखी मुसाका वाढू? तो बिचारा पोट धरून मान आडवी हलवी. ती वाढी. शेवटी त्याला टेबलावरून उठवायला दोघं लागलो. जर्मन माणूस हुशार, पण मानेत मार खातो.

२३ सप्टेंबर

संकट. हेडफोनमध्ये घूंऽऽ.

कारण शोधून काढलं, कान आहे म्हणून. सप्टेंबर. अख्खी इमारत लाल मिरच्या भाजते आहे. प्रत्येक बाल्कनीत चुश्कोपेक, म्हणजे मिरची उभी घालून भाजायची ती विजेची भट्टी. पाणी गरम करायच्या गीझरएवढी वीज खाते. वर्षभराची लुतेनित्सा करायची म्हणून लोक संगीताचा गळा घोटतात. चटणीच ती शेवटी.

स्नेझानाला सांगितलं, मी ऐकत नसेन तेव्हा भाज. तिने विचारलं, तू ऐकत नसतोस ती वेळ कोणती? उत्तर देण्यासारखा प्रश्न नव्हता.

पेन्चोदादांकडे वर गेलो. गृहस्थ हातमोजे घालून गरम मिरच्या सोलत होते. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "दोब्रोमिर, गाणी बारा महिने असतात रे. मिरची आत्ताच असते. बस, सोलू लाग." सोलल्या. संध्याकाळपर्यंत बोटांची आग होत होती, त्यामुळे व्हॉल्यूमच्या बटणाला हात लावता आला नाही.

१ ऑक्टोबर

सप्टेंबरअखेरची मुदत मी स्वतःच वाढवली. घाई हा आवाजाचा शत्रू.

मिरचीच्या विजेवर उपाय : बाहेरचा डबा आणला. कॉम्प्युटरच्या पोटात एवढी धावपळ चाललेली असते की तिथे संगीताला स्वस्थता मिळत नाही. म्हणून गाणं आकड्यांच्या रूपात बाहेर काढायचं आणि या डब्यात त्याचा आवाज करायचा. डबा टेबलावर ठेवला, निळा दिवा लागला, गाणं लावलं. जमीन-अस्मानाचा फरक. गायिकेच्या मागे उभ्या असलेल्या बाईने शाल सावरली तेही ऐकू आलं.

फोरमवर सविस्तर लेख लिहिला. शीर्षक, 'डब्यापूर्वी आणि डब्यानंतर'. लोकांनी फार उचलून धरला.

५ ऑक्टोबर

किरकोळ शोध. आवाज कुठून बाहेर काढायचा ते कॉम्प्युटरला सांगावं लागतं, एका यादीत डब्याचं नाव निवडावं लागतं. ते निवडायचं राहिलं होतं. हेडफोन डब्याच्या भोकात आहेत असं मी समजत होतो, ते कॉम्प्युटरच्याच जुन्या भोकात होते. डबा चार दिवस नुसता दिवा लावून बसला होता.

यावरून निष्कर्ष : चांगला डबा नुसता जवळ असला तरी फरक पडतो. लेख काढलेला नाही. लोकांना त्याचा उपयोग होतो आहे.

आता सगळं नीट जोडलं. आवाज आधीसारखाच आहे. म्हणजे आधीपासूनच उत्तम होता.

१४ ऑक्टोबर

संसारात संगीताचा किती फायदा होतो ते लिहून ठेवतो. पूर्वी स्नेझाना काही विचारायची, मी कारणं सांगायचो, वाद व्हायचा. आता मी नाचाचं गाणं ऐकत असतो, ती दारात येते, तिचे ओठ हलतात, मी मान झुलवत असतो, ती हसून जाते. एक शब्दाचा वाद नाही. एकतीस वर्षांनी माणसं न बोलता एकमेकांना कळू लागतात.

फक्त माझी स्मरणशक्ती दगा देते आहे. काल माझं जुन्या मासिकांचं कपाट तळघरात गेलं. मी म्हटलं, कुणी सांगितलं? म्हणाली, तूच हो म्हणालास, चांगली मान डोलावलीस. परवा माझी सायकल पेन्चोदादांच्या नातवाला दिली, तेही मीच हो म्हटलं होतं. नळ दुरुस्त करायला माणूस आला, त्यालाही मीच हो म्हटलं होतं. स्नेझाना खोटं बोलत नाही. अक्रोड खायला हवेत.

२८ ऑक्टोबर

आज सर्वांत कठीण चाचणी : शांततेची. गाणं लावायचं नाही. हेडफोन चढवून, व्हॉल्यूम पूर्ण वर नेऊन काहीच नसलेलं ऐकायचं. उत्तम यंत्रणेत उत्तम शांतता येते.

दम रोखून बसलो होतो. सूं जवळजवळ संपत आला होता, आणि स्नेझाना शेजारी खुर्ची ओढून बसली. खुर्चीचा आवाज. काहीतरी बोलू लागली. मी बोट वर केलं. ती थांबली, पुन्हा बोलली. मी पुन्हा बोट वर केलं, जरा जोरात. मग ती उठून गेली. तिने दार हळू लावलं, हे तिच्या बाजूने लिहायला हवं. चाचणी पहिल्यापासून करावी लागली.

काय म्हणत होती ते नंतर विचारायचं ठरवलं होतं. राहून गेलं.

२ नोव्हेंबर

लष्करी बँड. पितळी वाद्यांसाठी आवाजातली मध्यम सुरांची पट्टी थोडी खाली घेतली, आता कर्णे कर्ण्यांसारखे वाजतात. ऐन भरात असताना स्नेझाना दारात आली आणि काहीतरी विचारलं. मी तालात होतो, मान वर-खाली चालली होती, म्हणजे उत्तर स्वच्छ 'नाही' गेलं. तिने "बरं" म्हटलं असावं, ओठांवरून.

प्रश्न बहुतेक चहाचा असावा. चहा आला नाही. म्हणजे चहाचाच होता.

सामानाच्या माळ्यावरून मोठी सुटकेस खाली आली आहे. कपड्यांना ऊन देते आहे वाटतं.

७ नोव्हेंबर

बायको असावी तर अशी. फळीवर लुतेनित्साच्या बरण्या ओळीने लावून त्यांवर महिन्यांची नावं चिकटवली आहेत, डिसेंबर, जानेवारी, पार मार्चपर्यंत. फ्रीजर बानित्साच्या चीजवाल्या वळकट्यांनी भरला. धुलाईयंत्र कसं चालवायचं ते मला हात धरून दाखवलं. घराची एक किल्ली पेन्चोदादांकडे दिली. स्त्रियांना हिवाळ्याआधी अशी आवराआवर सुचते, पक्ष्यांसारखी.

मला मात्र एक खटकलं. अलीकडे ती माझ्याकडे बघत राहते. बहुधा तिलाही हेडफोन हवेत. मागितले तर देईन, पण माझ्यासमोर.

११ नोव्हेंबर, सकाळ

स्नेझानाने माझा एक कान उघडा केला, म्हणाली, "जाते मी," आणि कपाळाचा मुका घेतला. बाजाराला जाताना एवढं प्रेम बऱ्याच वर्षांत नव्हतं. बर्फाचा अंदाज आहे म्हणून असेल. सुटकेसही नेली. बटाटे आणायचे असतील.

११ नोव्हेंबर, दुपार

अजून आली नाही. बाजारात गर्दी असेल.

११ नोव्हेंबर, संध्याकाळ

पेन्चोदादा सूप घेऊन आले. स्वतःच्या किल्लीने दार उघडून आत आले आणि समोर बसले. स्नेझाना कासेलच्या बसमध्ये बसली म्हणाले. सुटकेस त्यांनीच स्थानकावर नेली. मी म्हटलं, असं कसं, मला न विचारता?

म्हणाले, "विचारलं की तिने. मी गेले तर तुझी काही हरकत आहे का, असं. तू मान उभी हलवलीस. हरकत नाही. अगदी ठासून हलवलीस म्हणे."

मग सूप खा म्हणाले आणि वर गेले. सूप चांगलं होतं, पण अर्धंच गेलं.

तर हा सगळा गैरसमज आहे. दोष बँडचा. चार मात्रांच्या ठेक्यावर कोणत्याही माणसाची मान उभीच हलणार. नाचाचं गाणं लावलेलं असतं तर मी 'हो, हरकत आहे' म्हणालो असतो आणि स्नेझाना आत्ता घरात असती. एका तालाने घात केला. फोन करून खुलासा केला की ती पुढच्या बसने परत येईल. आज करत नाही. प्रवासात तिला रेंज नसेल.

१५ नोव्हेंबर

खुलासा उद्या. घाईने केलेला खुलासा कारणांसारखा ऐकू येतो.

२० नोव्हेंबर

स्नेझानाचे फोन येऊन गेले होते. हेडफोनमुळे ऐकू आले नाहीत. तिने तीन ओळींचा निरोप पाठवला आहे : गोळ्या जेवणानंतर, पांढरे कपडे वेगळे, देनित्साची तब्येत बरी.

आज घरात आवाज नावाची गोष्ट नाही. मिरच्यांचा मोसम संपला, भट्ट्या तळघरात गेल्या. नळ टपकत नाही. भांडं वाजत नाही, खुर्ची ओढली जात नाही, दारात कुणी येत नाही. मी नाचाचं गाणं लावलं आणि शप्पथ सांगतो, असा आवाज या घरात कधी आला नव्हता. गाणं सुरू करायच्या आधी गायिकेने श्वास घेतला, तो माझ्या मानेला लागला.

हे सांगायला मी वळलो. खुर्ची रिकामी होती. मला फार वाईट वाटलं, आणि गाणं तिथेच थांबवलं.

२५ नोव्हेंबर

मी आजोबा झालो. मुलगी. देनित्साने फोटो पाठवला. बाळ स्नेझानाच्या हातात आहे, आणि स्नेझाना त्याच्याशी काहीतरी बोलते आहे. फोटोत आवाज नसतो. मी बराच वेळ बघत बसलो.

पेन्चोदादांनी रकियाची बाटली आणली. दोन घोट झाल्यावर म्हणाले, "बाळाचा आवाज ऐकलास का रे?" मी म्हटलं, अजून नाही. त्यांनी माझा पेला पुन्हा भरला. या वयात माणसं कमी बोलू लागतात.

२ डिसेंबर

फोन करायचा निश्चय पक्का. मुद्दे काढले : एक, तालाचा मानेवर होणारा परिणाम. दोन, आपल्या लोकांची मान आणि इतर जगाची मान. तीन, परत ये. तिसरा मुद्दा पहिला घ्यावा का, यावर विचार चालू आहे.

६ डिसेंबर

संत निकोलाचा दिवस. आज घरोघरी कार्प मासा. पेन्चोदादांनी बोलावलं होतं, गेलो नाही. हेडफोन काढून ठेवले आणि फोन केला.

स्नेझानाने उचलला. मागे बाळ रडत होतं. फोनवरचा आवाज म्हणजे काय, डब्यातून पत्रा वाजावा तसा, पण बाळाचा घसा खणखणीत आहे, आमच्या घराण्याचा आहे.

मी पहिल्या मुद्द्यापासून सुरुवात केली. ताल सांगितला. मान सांगितली. म्हटलं, स्नेझाना, तू विचारलंस तेव्हा बँड वाजत होता गं, मी तुला उत्तर दिलंच नव्हतं, मी फक्त ऐकत होतो.

ती म्हणाली, "माहीत आहे मला."

मी म्हटलं, माहीत आहे म्हणजे?

म्हणाली, "तुझ्या त्या हेडफोनची पाठ उघडी आहे, दोब्रोमिर. तू काय लावतोस ते मला स्वयंपाकघरात ऐकू येतं. नाचाचं लावलंस की मान आडवी, बँड लावलास की उभी. मला कपाट खाली न्यायचं असलं की मी नाचाच्या गाण्याची वाट बघायची. नळवाल्याच्या वेळीही तेच. आणि जायचं ठरवलं तेव्हा बँडची वाट बघितली. सकाळपासून बघत होते. तू दुपारी लावलास."

म्हणजे ती जाईपर्यंतचे दोन महिने मी या घरात हो आणि नाही म्हणत होतो आणि ते दोन्ही स्नेझानाच म्हणत होती. मी म्हटलं, मग मला बरोबर घेऊन जायचं तुझ्या मनात नव्हतंच तर.

ती म्हणाली, "ते विचारायला मी गाण्याची वाट नाही बघितली. काहीच वाजत नव्हतं तेव्हा आले. खुर्ची घेऊन बसले तुझ्याजवळ. म्हटलं, दोघं जाऊ या, मला तुझ्याशिवाय करमणार नाही तिथे. तू बोट वर केलंस. मला वाटलं, ऐकू नसेल गेलं. पुन्हा म्हटलं. तू पुन्हा बोट वर केलंस."

मागे बाळ रडायचं थांबलं होतं. होल्गर काहीतरी गुणगुणत होता. तिसरा मुद्दा माझ्यापुढे कागदावर होता, पण 'परत ये' म्हणण्यासारखं तिकडे मला काही ऐकू येत नव्हतं.

मग स्नेझाना म्हणाली, "खालच्या खोल्या अजून रिकाम्या आहेत. शेवटचं विचारते, आणि आता काही वाजत नाहीये. येतोस का?"

मी मान हलवली. आडवी, चांगली दोन्ही खांद्यांपर्यंत, एकदा नाही, कितीतरी वेळा.

ती म्हणाली, "दोब्रोमिर?"

मी आणखी जोरात हलवली. ती थोडा वेळ थांबली आणि तिने फोन ठेवला.

फोनवर मान दिसत नाही, हे त्यानंतर लक्षात आलं. उद्या पुन्हा फोन करून तोंडाने सांगेन. आज नको, आज घसा जरा बसल्यासारखा वाटतो.